राहुलाची रात्र : मुलांची सुरक्षितता आणि परस्पर सन्मान यांचा पाठ

निवासी शाळेत मूल दाखल होते त्या दिवशी पालक प्रवेश-अर्जावर स्वाक्षरी करतात, जन्माचा दाखला आणि जातीचा दाखला जोडतात, पत्र्याच्या पेटीला कुलूप लावून किल्ली मुलाच्या हाती देतात आणि परतीची एस.टी. धरतात. त्या एका स्वाक्षरीने पालक आपल्या सर्वांत मौल्यवान ठेव्याची राखण संस्थेकडे सोपवतात. शिक्षण, भोजन आणि निवास यांचे रकाने अर्जात असतात. मुलाच्या देहाची व मनाची राखण कशी होईल, यासाठी बहुधा रकाना नसतो. तो रकाना आपण कसा भरावा, याचा विचार या लेखात केला आहे. माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव असे तिन्ही वाचक या स्मरणिकेला लाभतात, म्हणून हा विषय येथे मांडणे उचित वाटते.

प्रतिपादन थोडक्यात असे आहे. ‘स्वतःला सुरक्षित ठेवा’ आणि ‘इतरांचा आदर करा’ हे दोन निरनिराळे पाठ मानण्याची आपल्याला सवय आहे. पहिला पाठ लहानांना भीती घालून दिला जातो, दुसरा मोठ्यांपुढे वाकण्याची सवय लावून दिला जातो. प्रत्यक्षात हा एकच पाठ आहे. ज्या मुलाच्या ‘नाही’ या शब्दाला घरात आणि वसतिगृहात मान मिळतो, तेच मूल दुसऱ्याचा ‘नाही’ ऐकू शकते. आणि जे मूल मुकाट्याने सोसण्यालाच आदर समजते, ते स्वतःही असुरक्षित राहते व पुढे मोठे झाल्यावर आपल्यापेक्षा लहानांकडून तेच मुकाट सोसणे मागते.

कोसंबीची ती रात्र

विनयपिटकात पाचित्तिय नियमांमध्ये एक प्रसंग आहे. आळवी येथे उपासक धम्मश्रवणासाठी विहारात येत आणि रात्री तेथेच थांबत. काही नवे भिक्खू त्यांच्याच दालनात बेसावधपणे झोपले, त्यांच्या अंगावरील वस्त्रांचे भान राहिले नाही. उपासकांनी नाराजी व्यक्त केली. तेव्हा भगवान बुद्धांनी नियम केला की, ज्याची उपसंपदा झालेली नाही त्याच्याबरोबर भिक्खूने एका छपराखाली झोपू नये. मर्यादा राखण्यासाठी केलेला हा नियम होता आणि तो योग्यच होता.

पुढे कोसंबी येथे बदरिकारामात भिक्खुसंघ असताना श्रामणेर राहुल तेथे होता. त्याची उपसंपदा झालेली नव्हती. भिक्खूंनी त्याला सांगितले की नियम असा आहे, तेव्हा तू आपली झोपण्याची जागा शोध. राहुलाला जागा मिळाली नाही. तो शौचकुटीत जाऊन राहिला. पहाटे भगवान तेथे आले आणि त्यांनी खाकरून चाहूल दिली. आतून राहुलही खाकरला. ‘कोण आहे?’ असे भगवंतांनी विचारले. आत राहुल असल्याचे कळल्यावर तो तेथे का बसला आहे, हेही विचारले. राहुलाने घडलेली हकिकत सांगितली. त्यानंतर भगवंतांनी नियमात दुरुस्ती केली आणि दोन-तीन रात्रींपर्यंत एकत्र निवासाला मुभा दिली. हाच प्रसंग जातकातील तिपल्लत्थमिग कथेच्या प्रास्ताविकात अधिक विस्ताराने येतो. तेथे भगवान सारिपुत्ताला बोलावून विचारतात की राहुल काल रात्री कोठे होता, हे तुला ठाऊक आहे काय. राहुलाचीच ही स्थिती, तर इतर मुलांना प्रव्रज्या देऊन तुम्ही त्यांचे काय कराल?

निवासी शाळा चालवणाऱ्या प्रत्येकाने या प्रसंगातील चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली, राहुलाने तक्रार केली नाही. तो शिस्तप्रिय होता, आणि शिस्तप्रिय मूलच बहुधा गप्प राहते. तक्रार आली नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असा निष्कर्ष काढणारी संस्था आपल्या सर्वांत गुणी मुलांनाच एकटे सोडते.

दुसरी, कोणीही दुष्ट हेतूने वागले नव्हते. भिक्खूंनी नियम पाळला होता. मात्र नियमाच्या पालनानंतर ते मूल कोठे गेले, हे पाहण्याची जबाबदारी कोणीच घेतली नाही. वसतिगृहातील अनेक दुःखे अशाच रिकाम्या जागेत निर्माण होतात.

तिसरी, विचारणा वरून खाली आली. संघात जे ज्येष्ठ होते त्यांनीच विचारले. मुलाने येऊन सांगावे याची वाट पाहिली गेली नाही.

चौथी, उत्तर मिळाल्यावर नियम बदलला गेला. नियम मोडला असा ठपका राहुलावर आला नाही, आणि मूळ मर्यादाही रद्द झाली नाही. मर्यादा राहिली, मूल उघड्यावर राहिले नाही.

राहुलाच्या संदर्भात आणखी एक नियम विनयाच्या महावग्गात आहे. कपिलवस्तूला राहुलाची प्रव्रज्या झाल्यावर शुद्धोदनाला अतिशय दुःख झाले. आपल्यासारखे दुःख दुसऱ्या मातापित्यांना होऊ नये म्हणून आईवडिलांच्या अनुमतीशिवाय मुलाला प्रव्रज्या देऊ नये, अशी विनंती त्यांनी केली. भगवंतांनी ती मान्य केली व तसा नियम केला. मूल संस्थेत आले तरी त्याच्यावरील पालकांचा हक्क संपत नाही, हा अर्थ त्यात आहे. ‘एकदा आमच्याकडे दिले म्हणजे आता आमचे,’ असे म्हणणाऱ्या कोणत्याही वसतिगृहाला या नियमाचा आधार मिळणार नाही.

आदर म्हणजे मौन नव्हे

आपल्या समाजात शिक्षकाविषयीचा आदर फार खोल आहे आणि तो तसाच असावा. ज्यांना पिढ्यानुपिढ्या अक्षर नाकारले गेले, त्यांच्या घरात शिक्षक हा पाहुण्यांहून मोठा मानला जातो. ‘सर सांगतील तसे वाग’, ‘मॅडमना उलट बोलू नकोस’, ‘मोठ्या दादांचे ऐक’, असे सांगूनच आई मुलाला वसतिगृहात सोडते. तिचा हेतू निर्मळ आहे. परंतु मुलाच्या मनात त्यातून एवढेच उरते की मोठ्या माणसाला नकार देणे हे पाप आहे. मुलांशी दुर्वर्तन करणारा माणूस नेमका याच समजुतीचा फायदा घेतो.

केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बालकांच्या छळासंबंधीचा अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतील १२,४४७ बालकांशी बोलून तो तयार झाला होता. त्यांपैकी ५३.२२ टक्के बालकांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ अनुभवल्याचे सांगितले, आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. छळ करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मी माणसे मुलाच्या ओळखीची किंवा त्याचा विश्वास असलेली होती. ‘अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नको’ एवढ्या एका वाक्यावर थांबणारा आपला पाठ किती अपुरा आहे, आणि ‘मुलग्यांना काय धोका’ हा समज किती चुकीचा आहे, हे यावरून दिसते.

आदर आणि मौन यांत बौद्ध परंपरेने फरक केलेला आहे. महावग्गात उपाध्याय आणि शिष्य यांची परस्परकर्तव्ये सांगितली आहेत. शिष्याने उपाध्यायाची सेवा करावी, तसेच शिष्य आजारी असता उपाध्यायानेही त्याची शुश्रूषा करावी. उपाध्यायाने शिष्याला पुत्रासमान मानावे, शिष्याने उपाध्यायाला पित्यासमान मानावे. आणि याच प्रकरणात असेही येते की उपाध्यायाचे बोलणे दोषाच्या सीमेवर पोहोचत असेल तर शिष्याने त्याला थांबवावे. शिष्याने गुरूला थांबवणे हे तेथे उद्धटपणा म्हणून नोंदलेले नाही. ते शिष्याच्या कर्तव्यांत मोजलेले आहे. कालाम सुत्तातही एखादी गोष्ट केवळ ‘हे आमचे गुरू आहेत’ म्हणून स्वीकारू नये, असा उपदेश आहे. सिगालोवाद सुत्तात शिक्षकाची जी पाच कर्तव्ये दिली आहेत, त्यांतील अखेरचे कर्तव्य शिष्याचे सर्व दिशांनी रक्षण करणे हे आहे. उत्तम विद्या देणे एवढ्यावर शिक्षकाचे काम संपत नाही.

म्हणून मुलांना सांगायचे ते असे : शिक्षकांना नमस्कार करा, वर्गात लक्ष द्या, मोठ्यांना मान द्या. परंतु कोणीही, मग तो कितीही मोठा, विद्वान, धार्मिक किंवा नात्यातला असो, तुमच्या शरीराला तुम्हाला नकोशा रीतीने हात लावत असेल, भीती घालत असेल किंवा ‘कोणाला सांगू नकोस’ म्हणत असेल, तर त्याला नकार देणे हाच धम्म आहे.

शीले म्हणताना त्यांचा अर्थ

आपल्या शाळांत दिवसाचा आरंभ त्रिसरण-पंचशीलाने होतो. मुले पाच शीले अस्खलित म्हणतात. अर्थ सांगताना मात्र आपण पहिले, दुसरे, चौथे आणि पाचवे शील सांगतो. तिसरे आले की ‘ते मोठेपणी कळेल’ म्हणून पुढे जातो. दहा वर्षे रोज उच्चारूनही ज्याचा अर्थ मुलाला कोणी सांगितला नाही, असे हे एक शील उरते. हा संकोच सोडला पाहिजे. वयाला साजेल अशा भाषेत ते सांगता येते.

त्यासाठी दुसऱ्या शीलापासून आरंभ करावा. ‘चोरी करू नये’ असा त्याचा सुटसुटीत अर्थ सांगितला जातो, पण पालीतील शब्द अधिक व्यापक आहे : जे दिलेले नाही ते घेऊ नये. शेजाऱ्याच्या पेटीतला साबण त्याने दिलेला नसेल तर घेऊ नये. त्याची वही, त्याचा पंचा, त्याला घरून आलेल्या लाडवाचा डबा, त्याने दिल्याशिवाय घेऊ नये. हे पहिलीच्या मुलालाही समजते. आता तिसरे शील याच पायावर उभे करता येते. माझे शरीर माझे आहे, तुझे शरीर तुझे आहे. ज्याला मी ते दिलेले नाही, त्याने त्यावर हक्क गाजवू नये. आणि मीही दुसऱ्याच्या देहावर, कपड्यांवर, एकान्तावर हक्क गाजवू नये. किशोरवयीन मुलामुलींना याच्या पुढचे सांगावे : समोरच्याने भीतीने, लाजेने किंवा उपकाराखाली दिलेला होकार म्हणजे देणे नव्हे, आणि १८ वर्षांखालील बालकाचा होकार कायदाही ग्राह्य धरत नाही.

चौथे शील येथे मदतीला येते. असत्य न बोलणे म्हणजे खरे सांगण्याचे धैर्य जपणेही होय. मुलांना ‘गंमत’ आणि ‘गुपित’ यांतील फरक शिकवावा. वाढदिवसाची गंमत थोडे दिवस लपवली जाते आणि शेवटी सर्वांना आनंद देते. जे गुपित मनावर ओझे टाकते, झोप उडवते, आणि जे सांगितल्यास तुझे वा तुझ्या आईचे वाईट होईल अशी धमकी ज्याच्याबरोबर दिली जाते, ते गुपित पाळण्याचे बंधन कोणत्याही मुलावर नाही.

करण्यापूर्वी, करताना, केल्यावर

आतापर्यंत मूल स्वतःला कसे राखील हे पाहिले. ते दुसऱ्याशी कसे वागेल, याचे शिक्षण मज्झिम निकायातील अम्बलट्ठिका-राहुलोवाद सुत्तात आहे. सम्राट अशोकाने राजस्थानातील बैराट येथे सापडलेल्या भाब्रू लेखात ज्या धम्मग्रंथांची नावे कोरली, त्यांत असत्यासंबंधी राहुलाला केलेला उपदेश आहे. आणि हे ग्रंथ भिक्खू-भिक्खुणींनी तसेच उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत, अशी इच्छा त्याने व्यक्त केली आहे. म्हणजे एका मुलाला दिलेला पाठ साऱ्या समाजाने ऐकावा असे त्याला वाटले.

या सुत्तात भगवान राहुलाला आरशाची उपमा देतात. आरसा जसा पाहण्यासाठी, तसे प्रत्येक कर्म पारखून करावे : शरीराने, वाणीने व मनाने. करण्यापूर्वी विचार करावा, करताना करावा, केल्यानंतरही करावा. कसोटी एकच आहे : यामुळे मला, दुसऱ्याला किंवा दोघांना पीडा होते काय? पीडा होणार असेल तर करू नये, करीत असताना कळले तर थांबावे, करून झाल्यावर कळले तर गुरूंपाशी किंवा जाणत्या सोबत्यांपाशी ते उघड करावे व पुढे संयम ठेवावा.

ही कसोटी वसतिगृहातील रोजच्या गोष्टींना लावून पाहावी. मित्र न्हाणीघरात असता बाहेरून कडी लावली : सर्वांना हसू आले, पण आतल्याला काय झाले? झोपलेल्या मुलाचे छायाचित्र मोबाईलमध्ये काढून गटावर पाठवले : पाठवण्यापूर्वी त्याला विचारले होते काय? एखाद्याच्या रंगावरून, बोलण्याच्या लकबीवरून, तोतरेपणावरून नाव पाडले : तो हसला म्हणून त्याला आवडले, असे समजायचे काय? मुलांना ही उदाहरणे देऊन उत्तर त्यांच्याकडूनच घ्यावे. उपदेशापेक्षा अशी चर्चा अधिक टिकते, कारण कसोटी मुलाच्या हाती राहते आणि शिक्षक समोर नसतानाही ती चालते.

केल्यानंतर उघड करण्याची जी सोय या सुत्तात आहे, तिचे महत्त्व विशेष आहे. चूक कबूल करणाऱ्या मुलाला सर्वांसमोर अपमानित केले, तर पुढच्या वेळी तो लपवील. शिक्षणाचा अधिकार कायदा, २००९ याच्या १७ व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. छडीने शिस्त लागते असे आजही काही पालक म्हणतात. परंतु छडीखाली वाढलेले मूल एवढेच शिकते की बलवानाने दुर्बलाला मारण्यात गैर काही नाही. आणि रात्री दिवे मालवल्यावर ते हा धडा आपल्याहून लहान मुलावर गिरवते.

सन्मानाची मोजपट्टी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बालपणाच्या आठवणींत साताऱ्याच्या शाळेचे वर्णन केले आहे. वर्गात त्यांना वेगळे बसावे लागे, बसण्याचे गोणपाट घरून आणावे लागे व परत न्यावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावता येत नसे. शिपाई असेल तरच पाणी मिळे. त्या शाळेत कदाचित सभ्य भाषा होती, प्रार्थना होती, वेळापत्रक होते. एका मुलाला पाण्यासाठी ताटकळत ठेवले जाई, तेथे सन्मान नव्हता. बाबासाहेबांनी पुढे बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली व त्या सभेच्या आरंभीच्या कामांत विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला स्थान दिले, यामागील भावना येथे समजते. वंचित मुलाला अपमानाविना राहता येईल, जेवता येईल व शिकता येईल, अशी जागा हवी होती.

आपली वसतिगृहे त्याच परंपरेत उभी आहेत. तेव्हा आपली मोजपट्टीही तीच असावी. पंगतीत शेवटी कोण बसते आणि त्याच्या ताटात काय उरते? सकाळी गरम पाणी कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही? सहावीतला मुलगा दहावीतल्या ‘दादा’चे कपडे धुतो काय, बादली भरून देतो काय, आणि तो ते आपखुशीने करतो काय? एखाद्याची पोटजात, त्याच्या वडिलांचे काम किंवा घरची भाषा यांवरून थट्टा होते काय? जातिअंताचे गीत गाणाऱ्या मुलांतही पोटजातीची उतरंड शिरू शकते, हे मान्य करूनच ती काढावी लागते. मुलींच्या वसतिगृहात मासिक पाळीच्या दिवसांत एखादीला बाजूला बसवले जाते काय, हेही पाहावे.

लहानांना त्रास देण्याची प्रथा ‘आम्हीही सोसले’ या समर्थनावर जगते. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ हा केवळ महाविद्यालयांसाठी आहे, असा समज आहे. त्याच्या व्याख्येत वसतिगृहे, निवासगृहे आणि अनाथालयेही येतात. दोषीला दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याची भीती दाखवण्याआधी मोठ्या मुलांना जबाबदारी द्यावी हे बरे. नव्या मुलाला पहिले पंधरा दिवस सोबत करणारा दहावीचा विद्यार्थी नेमावा, आणि त्या विद्यार्थ्याचे काम कसे चालले आहे हे नव्या मुलाला स्वतंत्रपणे विचारावे.

सन्मान केवळ विद्यार्थ्यांपुरता नसतो. सिगालोवाद सुत्तात काम करणाऱ्या माणसांविषयीही कर्तव्ये आहेत : शक्तीनुसार काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, विशेष पदार्थ वाटून खावा, वेळेवर विश्रांती द्यावी. स्वयंपाक करणाऱ्या मावशी, कामाठी, पहारेकरी, सफाई करणारे काका यांना मुले कोणत्या नावाने हाक मारतात, यावरून त्या शाळेतील आदराचा खरा अंदाज येतो. आणि अशा शाळेत मुलाला मदतीची गरज पडते तेव्हा ते पुष्कळदा मुख्याध्यापकांकडे जाण्यापूर्वी या मावशींकडेच जाते. म्हणून बालसुरक्षेच्या प्रशिक्षणात त्यांनाही बसवले पाहिजे.

वयानुसार पाठ

पहिली ते चौथी : शरीराच्या सर्व अवयवांची खरी नावे मुलांना लाज न वाटता माहीत असावीत. ज्या अवयवाला नावच नाही, त्याविषयी तक्रार कशी करणार? पोहताना जे भाग झाकले जातात ते खासगी, हे सोप्या शब्दांत सांगावे. आजारपणात डॉक्टर तपासतात तेव्हा विश्वासातील मोठे माणूस जवळ असावे. तीन शब्दांचा सराव करून घ्यावा : नाही म्हण, दूर हो, सांग. हाताच्या पाच बोटांवर मुलाने स्वतःच्या विश्वासाची पाच माणसे मोजावीत. त्यांत किमान दोन शाळेबाहेरची असावीत. पहिल्याने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगायचे, दुसऱ्याने ऐकले नाही तर तिसऱ्याला.

पाचवी ते सातवी : अंथरुणाची मर्यादा, न्हाणीघराची मर्यादा, पेटीची मर्यादा. चिडवणे आणि छळणे यांतील फरक. पाहणाऱ्याची जबाबदारी : त्रास देणारा एक असतो, सोसणारा एक असतो आणि पाहणारे वीस असतात, त्या विसांपैकी एकाने जरी गृहपालांना सांगितले तरी त्रास थांबण्याची शक्यता वाढते. सांगणे म्हणजे चहाडी नव्हे, हे शिक्षकांनी स्वतःच्या वागण्यातून दाखवावे आणि सांगणाऱ्याचे नाव उघड करू नये.

आठवी ते दहावी : वयात येताना होणारे बदल मुलगे आणि मुली दोघांनाही सांगावेत. आकर्षण, नकार आणि नकाराचा स्वीकार यांवर मोकळेपणाने बोलावे. समाजमाध्यमांवरील अनोळखी मैत्री, छायाचित्रांची मागणी आणि त्यावरून होणारी धमकी हे नवे धोके आहेत. अशी धमकी आली तर पैसे देऊ नयेत, संदेश पुसू नयेत, त्वरित मोठ्यांना दाखवावे. कायद्याची ओळखही याच वयात करून द्यावी.

मुलाने सांगितले तर

सर्व पाठांचा कस या क्षणी लागतो. मूल एखादे वाक्य बोलून थांबते, आणि ऐकणाऱ्या मोठ्या माणसाचा चेहरा पाहते. तेव्हा पुढील गोष्टी पाळाव्यात.

हातातले काम बाजूला ठेवून ऐकावे. ‘तू सांगितलेस ते फार चांगले केलेस, यात तुझी चूक नाही,’ असे म्हणावे. ‘इतके दिवस का बोलला नाहीस’ हा प्रश्न कधीही विचारू नये. तपशिलासाठी उलटतपासणी करू नये आणि निरनिराळ्या लोकांसमोर तेच पुन्हा वदवून घेऊ नये. ‘कोणालाच सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. ‘मदत करू शकतील अशाच माणसांना सांगेन’ असे सांगावे. ज्याच्यावर आरोप आहे त्याला मुलासमोर उभे करून शहानिशा करू नये. घटना ताजी असेल तर कपडे धुऊ नयेत.

त्यानंतर कायद्याचे काम आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ म्हणजे ‘पॉक्सो’ हा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. १८ वर्षांखालील प्रत्येक मुलगा व मुलगी त्याच्या संरक्षणात येते. त्याच्या १९ व्या कलमानुसार असा अपराध घडल्याचे ज्याला कळेल त्याने, तो कोणीही असो, विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही. न कळवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास वा दंड होऊ शकतो. आपल्या हाताखालील माणसाचा अपराध न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखास ही शिक्षा एक वर्षापर्यंत होऊ शकते आणि दंडही होतो. ‘संस्थेची बदनामी होईल’, ‘समाजाची नाचक्की होईल’, ‘आपसात मिटवू’, ही वाक्ये कायद्याच्या दृष्टीने अपराधाकडे नेणारी आहेत, आणि धम्माच्या दृष्टीने ती मुलाला दुसऱ्यांदा एकटे पाडणारी आहेत.

मुलाला पोलीस ठाण्यात बसून राहावे लागेल, ही भीती पालकांना असते. कायद्याने त्याची काळजी घेतली आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा आहे, तो शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा आहे आणि त्या वेळी अधिकाऱ्याने गणवेशात असू नये. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरने करायची असते. मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. तातडीच्या मदतीसाठी १०९८ हा बालकांचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक दिवसरात्र उपलब्ध असतो. ही सेवा १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाली. तो क्रमांक कार्यालयात लावून उपयोग नाही. वसतिगृहाच्या व्हरांड्यात, मुलांच्या नजरेच्या उंचीवर, जेथून फोन करता येईल अशा जागेजवळ तो लिहिलेला असावा.

संस्था, पालक आणि माजी विद्यार्थी

संस्थेने दर महिन्याला एकदा प्रत्येक मुलाशी पाच मिनिटे स्वतंत्र बोलावे. मात्र हे बोलणे उघड्या दाराच्या खोलीत किंवा सर्वांना दिसेल अशा ओट्यावर व्हावे. कोणताही मोठा माणूस एका मुलाबरोबर बंद दाराआड राहणार नाही, हा नियम अध्यक्षांपासून पाहुण्या व्याख्यात्यांपर्यंत सर्वांना सारखा लागू करावा. स्वच्छतागृहाच्या वाटेवर रात्रभर दिवा असावा आणि आतली कडी धड असावी. तक्रारपेटीची किल्ली एकट्या मुख्याध्यापकांकडे न ठेवता ती पालक-प्रतिनिधीसमक्ष उघडावी. नव्या कर्मचाऱ्याची नेमणूक ओळखीवर न करता पूर्वीच्या ठिकाणी चौकशी करून व पोलीस पडताळणी घेऊनच करावी.

पालकांनी भेटीच्या दिवशी गुणांची चौकशी शेवटी करावी. आधी विचारावे : झोप लागते का, जेवण पुरते का, कोणाची भीती वाटते का, कोणाशी मैत्री झाली. सुट्टी संपताना मूल परत जायला रडले तर ‘शिकायचे असेल तर सोसावे लागते’ असे म्हणण्यापूर्वी एकदा शांतपणे कारण विचारावे. कारण केवळ घरची ओढही असेल. पण ते विचारल्याशिवाय कळणार नाही.

माजी विद्यार्थ्यांकडे एक अशी माहिती आहे, जी कोणत्याही तपासणी अहवालात नसते. वसतिगृहातील कोणत्या कोपऱ्यात संध्याकाळनंतर जायला भीती वाटे, कोणती थट्टा जिव्हारी लागे, कोणाशी बोलल्याने धीर येई, हे त्यांना ठाऊक आहे. देणगी आणि इमारत-निधीइतकेच हे सांगणेही दान आहे. प्रत्येक मेळाव्यात एक तास त्यासाठी राखावा आणि त्यातून जे कळेल त्यावर पुढील मेळाव्यापर्यंत काय केले, हे संस्थेने सांगावे.

चर्चेसाठी प्रश्न

पालकसभेत, वर्षावासातील प्रवचनानंतर किंवा आठवी ते दहावीच्या वर्गात पुढील प्रश्नांवर चर्चा घेता येईल.

१. राहुलाला जागा नाकारणाऱ्या भिक्खूंनी नियम पाळला होता. मग त्यांचे काय राहिले?

२. आपल्या वसतिगृहातील कोणता नियम पाळला जात असताना एखादे मूल गैरसोयीत किंवा धोक्यात राहते? त्यात कोणती दुरुस्ती करता येईल?

३. ‘न दिलेले घेऊ नये’ या शीलात वस्तूंखेरीज आणखी काय काय येते?

४. मोठ्यांना नम्रपणे पण ठामपणे नकार कसा द्यावा? दोघादोघांनी त्याचा सराव करावा.

५. आपल्या पाच बोटांवरील पाच माणसे कोणती? त्या पाचांना, आपण त्यांच्यावर विश्वास ठेवला आहे, हे ठाऊक आहे काय?

शेवटचा प्रश्न मुलांनी कागदावर लिहून घरी न्यावा आणि त्या पाचही जणांना प्रत्यक्ष विचारावा. ज्याला विचारले जाईल त्याने त्या दिवशी मुलाला एवढे तरी सांगावे की केव्हाही ये, मी ऐकेन.